घाटातली वळणं: मोटरसायकल आत्मविश्वासाने कशी वळवायची

घाट उतरताना डाव्या वळणावर मोटरसायकल मधली रेघ ओलांडून समोरच्या बाजूला जाते, तेव्हा चालवणारा बहुतेक वेळा म्हणतो, "गाडी वळलीच नाही." गाडी वळू शकत होती. घडलेलं वेगळंच असतं. वळण पुढे आवळत जातंय हे कळायच्या आत गाडी आत शिरलेली असते. समोर एसटी दिसते, नजर तिच्यावर खिळते, दोन्ही हात ताठ होतात आणि पुढचा ब्रेक आवळला जातो. ताठ हात हँडलला वळू देत नाहीत. ब्रेक लावताच झुकलेली गाडी उभी राहू पाहते आणि उभी गाडी सरळ जाते.

म्हणजे चूक वळणात दिसते, पण झालेली असते तीस-चाळीस मीटर मागे. वेग, गिअर, रस्त्यावरची जागा आणि नजर ही चार कामं गाडी झुकवण्याआधी संपली पाहिजेत, यावरच या लेखाचा भर आहे. ती संपलेली असली की वळणात हात मोकळे राहतात, काही अचानक समोर आलं तरी गाडीकडे थोडी पकड आणि थोडी जागा शिल्लक असते. घाटातली भीती खरोखर कमी होते ती या शिलकीमुळे.

इथे १०० ते ४०० सीसीच्या रोजच्या वापरातल्या गाड्या आणि सह्याद्रीतले दुपदरी, मधे दुभाजक नसलेले घाट डोळ्यांसमोर ठेवले आहेत. गुडघा जमिनीला टेकवण्याचं तंत्र बंद ट्रॅकसाठी आहे. ज्या रस्त्यावर वळणापलीकडे म्हैस उभी असू शकते, तिथे त्याचा उपयोग नाही.

आधी गाडी तपासा

वळणात गाडी विचित्र वागत असेल तर दरवेळी दोष चालवणाऱ्याचा नसतो. सुरुवात टायरपासून करा. हवेचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर असतो. एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी मागच्या टायरचे आकडे वेगळे असतात, ते दोन्ही लक्षात ठेवा. हवा टायर थंड असताना मोजा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून मोजली तर आकडा दोन-तीन पीएसआयने जास्त दिसतो. मायलेजसाठी पाच-सात पीएसआय जास्त भरायची सवय सोडून द्या. फुगलेला टायर रस्त्याला कमी जागेत टेकतो आणि खडबडीत वळणात उड्या मारतो. हवा कमी असेल तर गाडी जड लागते आणि झुकवताना मागून डुलते.

टायरची नक्षी झिजून खाचांमधल्या खुणेला टेकली की टायर बदला. त्याआधीही एक गोष्ट बघा. महामार्गावर सरळ चालून मागच्या टायरचा मधला भाग सपाट झालाय का? असा टायर सरळ रस्त्यावर ठीक वाटतो, पण झुकवताना सपाट भागाच्या कडेवरून एकदम पडल्यासारखा खाली जातो आणि चालवणारा दचकतो. नवीन टायर टाकला असेल तर पहिले शे-दीडशे किलोमीटर फार झुकवू नका, त्याच्या पृष्ठभागावर गुळगुळीत थर असतो. टायरवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात: २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचा टायर दिसायला नवा असला तरी रबर कडक झालेलं असतं.

मग कोनसेट, म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं ती बेअरिंगं. गाडी मेन स्टँडवर लावा, कुणाला तरी मागून दाबायला सांगून पुढचं चाक अधांतरी करा. फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची) खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा. खटखट लागली तर कोनसेट सैल आहे. आता हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. मधोमध किंचित अडकल्यासारखं झालं तर आतल्या रिंगांना खळगे पडले आहेत. अशी गाडी वळणात सतत दुरुस्ती मागते आणि चालवणाऱ्याला वाटतं आपलाच हात थरथरतोय. मागचं चाक धरून आडवं हलवलं आणि खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश गेलेले असतात.

चेनचा झोल बहुतेक कम्यूटर गाड्यांना २५ ते ३० मिलिमीटरच्या आसपास असतो; तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत बघा. चेन ढिली असेल तर वळणात ॲक्सिलरेटरची मूठ सोडताना आणि पिळताना झटका बसतो, आणि झुकलेल्या गाडीला झटका सगळ्यात वाईट. मुठीचा मोकळा खेळ दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर तोही याच कारणासाठी कमी करून घ्या.

हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट. चप्पल घालून घाटात जाऊ नका: गिअरचं पायडल नीट लागत नाही आणि हेअरपिनवर (जवळजवळ उलट फिरणाऱ्या यू-आकाराच्या वळणावर) पाय टेकायची वेळ आली की चप्पल घसरते.

बसणं

पायाचा चवडा फूटरेस्टवर ठेवा आणि बोटं खाली लोंबू देऊ नका. गुडघ्यांनी टाकी हलकेच धरा. उतारावर ब्रेक लावताना शरीराचं वजन गुडघ्यांनी पेललं तरच हात मोकळे राहतात; नाहीतर ते सगळं वजन मनगटांवर येतं आणि हँडल जाम होतं. कोपर थोडे वाकलेले हवेत. सरळ रस्त्यावर चाळीसच्या वेगात कोपर पंखांसारखे हलवून बघा. ते सहज हलले आणि गाडीने रेघ सोडली नाही, तर हात बरोबर आहेत.

वळताना गाडीबरोबर झुका. शहरात हळू चालवणाऱ्यांना गाडी खाली ढकलून स्वतः सरळ बसायची सवय असते; ती वीसच्या खाली आणि हेअरपिनवर चालते, पण चाळीसला त्यामुळे गाडी विनाकारण जास्त झुकते. डोकं मात्र क्षितिजाला समांतर ठेवा आणि हनुवटी वळणाच्या दिशेला फिरवा. नुसते डोळे फिरवून पुरत नाही.

गाडी झुकते कशी

साधारण १५-२० किलोमीटरच्या वरच्या वेगात मोटरसायकल वळवायची ती ज्या बाजूला जायचं त्या बाजूची हँडलची मूठ पुढे ढकलून. डावीकडे जायचं तर डावी मूठ पुढे. ऐकायला उलटं वाटतं, म्हणून करून बघा. मोकळा, सरळ, कोरडा रस्ता, वेग ४०, आरशात मागे कुणी नाही. डाव्या तळव्याने मूठ अगदी थोडी पुढे दाबा. खाली नाही, पुढे. गाडी लगेच डावीकडे झुकेल. दाब सोडला की झुकाव टिकतो, उजवी मूठ दाबली की गाडी उभी राहते.

सायकल चालवणारा प्रत्येकजण हे नकळत करतच असतो. तरीही ते जाणूनबुजून शिकायचं, कारण घाबरल्यावर नकळत येणारी गोष्ट येत नाही. घाबरलेला माणूस दोन्ही मुठी सारख्याच जोराने ढकलतो आणि परिणाम शून्य. वळण संपत नाहीये असं वाटलं की "आतली मूठ दाब" ही सूचना हाताला आपोआप मिळाली पाहिजे.

किती झुकावं लागतं याचा हिशेब वेग आणि वळणाच्या त्रिज्येवर आहे, गाडीच्या वजनावर नाही. ३० मीटर त्रिज्येचं वळण घ्या, म्हणजे घाटातलं मध्यम वळण. ताशी ३० ला गाडी साधारण १३ अंश झुकते, ४० ला २३ आणि ५० ला ३३. वेग फक्त दहाने वाढला की झुकाव दहा-दहा अंशांनी वाढतो. बहुतेक गाड्यांचा फूटरेस्ट ३५ अंशांच्या पुढे कधीतरी टेकतो, ठेंगण्या क्रूझरचा त्याआधीच. यातून दोन गोष्टी निघतात. चाळीसने आत शिरून घाबरलेल्या माणसाच्या गाडीकडे कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर अजून बराच झुकाव बाकी असतो. आणि पन्नासने शिरलेल्याकडे जवळपास काहीच नसतो. हा फरक जिथे ठरतो ती जागा वळणाआधीची.

वेग दिसणाऱ्या रस्त्यावरून ठरवा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. घाटात वेग वळणाच्या आकारावरून ठरवायचा नाही, तो ठरवायचा आपल्याला पुढे किती रस्ता दिसतोय त्यावरून.

कोरड्या डांबरावर, सराव असलेल्या हाताला, एक सेकंद प्रतिक्रियेचा धरून, ताशी ४० वरून थांबायला अंदाजे २१ मीटर लागतात, ५० वरून ३० आणि ६० वरून ४०. ओल्या रस्त्यावर ४० ला २७ आणि ६० ला पन्नासच्या पुढे. उतारावर यात आणखी दोन-चार मीटर मिळवा. चालवताना मीटर मोजता येत नाहीत, पण सेकंद मोजता येतात. जिथपर्यंत रस्ता दिसतोय तिथली एखादी खूण पकडा, कठड्याचा दगड किंवा झाड, आणि मनात "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणा. कोरड्यात तीन सेकंदांच्या आत तिथे पोहोचलात तर वेग जास्त आहे. पावसात चार सेकंद धरा. एकपदरी, अरुंद रस्ता असेल तर दुप्पट, कारण समोरचाही त्याच पट्ट्यातून येतोय आणि त्यालाही थांबायला जागा लागणार.

आता वळणाकडे येताना रस्त्याच्या दोन्ही कडा पुढे जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात त्या टोकावर नजर ठेवा. ते टोक तुमच्याकडे सरकत येत असेल तर वळण आवळतंय, वेग कमी करत राहा. टोक तुमच्याइतक्याच वेगाने पुढे सरकू लागलं की वेग बरोबर आहे. टोक पळू लागलं, रस्ता उलगडू लागला, की मूठ उघडायची. विजेचे खांब, कठडा आणि झाडांच्या शेंड्यांवरून वळणाचा अंदाज बांधतात, तो आधार म्हणून ठीक, पण फसतो. कितीतरी ठिकाणी वीजवाहिनी सरळ दरी ओलांडते आणि रस्ता वळतो.

वळण घेण्याचा क्रम

१. आरसा बघा. मागे ट्रक चिकटलेला असेल तर ब्रेक लवकर आणि हलका सुरू करा, म्हणजे दिवा त्याला वेळेवर दिसेल.

२. आपल्या पट्ट्यातली योग्य जागा घ्या. डाव्या आणि उजव्या वळणाची जागा वेगळी, ती पुढे सांगितली आहे.

३. गाडी सरळ असतानाच वेग कमी करा. दोन्ही ब्रेक वापरा. पुढचा आधी हलका, फोर्क दबला की मग घट्ट. एकदम ओढू नका. वजन पुढच्या चाकावर यायला अर्धा सेकंद लागतो आणि त्याआधी ओढलेला ब्रेक चाक जाम करतो.

४. ब्रेक लावत असतानाच गिअर कमी करा. क्लच झटक्यात सोडला तर मागचं चाक उड्या मारतं, म्हणून सोडताना मुठीला किंचित रेस द्या. वळणात शिरताना क्लच पूर्ण सुटलेला हवा.

५. नजर वळणाच्या पलीकडे न्या, आणि मगच आतली मूठ दाबा. आधी नजर, नंतर हात. हा क्रम उलटा झाला की गाडी वेड्यावाकड्या तुकड्यांनी वळते.

६. झुकाव ठरला की ॲक्सिलरेटरची मूठ जराशी उघडी ठेवा, वेग टिकण्यापुरती. मूठ पूर्ण बंद ठेवली की वजन पुढे राहतं, गाडी खाली बसते आणि जास्त वळवावी लागते. बाहेर पडायचा रस्ता दिसला की गाडी उभी करत मूठ हळूहळू उघडा.

शिकताना ब्रेक वळणाआधी पूर्ण सोडा. पुढे हात बसल्यावर पुढचा ब्रेक थोडा धरून आत शिरायचं आणि झुकाव वाढेल तसा सोडत जायचं, हे तंत्र उतारावरच्या आवळत्या वळणांना फार उपयोगी पडतं. त्याची अट एकच: टायरची पकड ब्रेक आणि झुकाव यांच्यात वाटली जाते, म्हणून एक वाढला की दुसरा कमी झालाच पाहिजे.

डावं वळण, उजवं वळण

आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे दोन्ही वळणांचे धोके अगदी निराळे आहेत. परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांची इथेच गल्लत होते, कारण बरेचसे व्हिडिओ उजवीकडून चालवणाऱ्या देशांतले असतात.

डाव्या वळणात तुम्ही आतल्या बाजूला असता. त्रिज्या लहान, पुढचं कमी दिसतं, कारण डोंगराची कड किंवा झुडपं आडवी येतात. गाडी बाहेर गेली तर ती थेट समोरून येणाऱ्या वाहनाच्या पट्ट्यात जाते. म्हणून शिरताना आपल्या पट्ट्याच्या उजव्या भागात राहा, पण मधल्या रेघेपासून किमान एक मीटर अलीकडे. तिथून पुढचं जास्त दिसतं. समोरून वाहन येत असेल तर दिसण्याचा मोह सोडून डावीकडे या. वळायची घाई करू नका. लवकर आत घुसलेली गाडी वळणाच्या दुसऱ्या अर्ध्यात बाहेर फेकली जाते. बाहेर पडायचा रस्ता दिसू लागला की मग डाव्या कडेकडे झुका, तेही साइडपट्टीपासून अर्धा-पाऊण मीटर राखून, कारण चारचाक्यांनी उडवलेली खडी तिथेच साठते.

उजव्या वळणात तुम्ही बाहेरच्या बाजूला असता. दिसतं जास्त, वळण मोठं मिळतं आणि त्यामुळेच वेग चढतो. शिरताना डावीकडे राहा, खडीच्या आधी. इथली मोठी चूक म्हणजे वळण कापणं. चाक रेघेच्या आत असलं म्हणजे आपण आत आहोत असं वाटतं. पण २५ अंश झुकलेल्या गाडीवर तुमचं डोकं टायरच्या रेषेपासून साधारण ६० सेंटिमीटर उजवीकडे असतं, हँडलही तसंच. म्हणून झुकलेल्या गाडीचं चाक मधल्या रेघेपासून दीड मीटर तरी दूर हवं. समोरचा ट्रेलरही वळण कापतच येत असतो, हे गृहीतच धरा.

आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, दिवसाही. घाटात त्यात संकोच नको. आरसा लावलेला असेल तर त्यात फक्त "कुणीतरी आहे" एवढंच वाचा. बहिर्गोल आरशात वाहन असतं त्यापेक्षा लांब दिसतं.

हेअरपिन

चढावरच्या हेअरपिनला पहिला किंवा दुसरा गिअर वळणाआधीच टाका. वळणात इंजिन गुदमरलं, गाडी बंद पडली, की झुकलेली गाडी थेट जमिनीवर येते. इतक्या कमी वेगात मूठ दाबून झुकवण्यापेक्षा हँडल फिरवून, गाडी थोडी खाली ढकलून आणि स्वतः सरळ बसून वळावं लागतं. ॲक्सिलरेटर स्थिर ठेवा, क्लच थोडा दाबून वेग सांभाळा आणि लागला तर फक्त मागचा ब्रेक हलका. पुढचा ब्रेक हँडल फिरलेलं असताना लावला की गाडी पडलीच. डाव्या हेअरपिनची आतली कड फार उभी असते, तिथे पट्ट्याच्या मधोमध राहिलात तर चढ सौम्य मिळतो.

एसटी किंवा ट्रेलर हेअरपिनमध्ये दिसला तर अलीकडेच थांबा. त्याला पूर्ण रस्ता लागतो, आणि त्याची मागची चाकं पुढच्यांपेक्षा बरीच आतून जातात. आतल्या मोकळ्या जागेत घुसणारा दुचाकीस्वार त्या चाकांखाली सापडतो. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे.

उताराला ज्या गिअरमध्ये चढला असता, जवळपास त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून किंवा इंजिन बंद करून घाट उतरणं आजही सर्रास दिसतं, आणि ते सर्वस्वी चूक आहे. वाचतं ते काही रुपयांचं पेट्रोल. जातो तो इंजिनाचा ब्रेक. सगळा भार ब्रेकवर पडतो, ड्रम तापतो, पायडल दाबूनही वेग उतरत नाही, आणि वळणात मूठ उघडून गाडी स्थिर करायचा मार्गही बंद होतो. जळका वास आला किंवा ब्रेक मऊ लागला तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर किंवा ड्रमवर पाणी ओतू नका.

वेग जास्त झाला, आता?

वळणाच्या मधे हे लक्षात आलं तर सगळ्यात आधी नजर: समोरच्या वाहनावरून, कठड्यावरून उचलून जिथे जायचंय तिथे न्या. नजर जिथे खिळते तिकडेच हात गाडी नेतात. मग आतली मूठ आणखी दाबा. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर बहुतेक वेळा एवढंच पुरतं. ॲक्सिलरेटर झटक्यात सोडू नका, हळू बंद करा. मागचा ब्रेक हलका लावता येतो.

तरी जागा पुरत नसेल, आणि पुढे आठ-दहा मीटर मोकळा सरळ रस्ता मिळत असेल, तर गाडी उभी करा, जोरात ब्रेक लावा, ब्रेक सोडा आणि पुन्हा झुकवा. खडीच्या साइडपट्टीवर गेलातच तर गाडी उभी ठेवा आणि पुढच्या ब्रेकवरची बोटं काढा.

एबीएसवर किती विसंबायचं? १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना किमान सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी व्यवस्था) सक्तीचं झालं. पण साधं एबीएस फक्त चाक जाम होऊ देत नाही. झुकलेल्या गाडीची आडवी पकड किती उरली हे त्याला कळत नाही. ते कळणारं कॉर्नरिंग एबीएस मोजक्याच गाड्यांना असतं. सिंगल चॅनल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाचं एबीएस असेल तर मागचं चाक जाम होऊ शकतंच. आणि सीबीएसच्या गाडीत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, त्यामुळे चिखलात "फक्त मागचा लावतोय" असं समजून दाबू नका.

मैदानावरचा सराव

घाटात जाण्याआधी रिकामं, कोरडं, सपाट, सिमेंटचं किंवा डांबरी मैदान शोधा. बाजार समितीचं आवार सुटीच्या दिवशी चालतं, परवानगी घेऊन. खुणांसाठी खडू आणि अर्ध्या पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. विटा किंवा दगड कधीच नकोत.

पहिला सराव ब्रेकचा. ३० वरून एका रेषेवर थांबा, मग ४० वरून. दहा-बारा वेळा. पुढचा ब्रेक आधी हलका आणि मग घट्ट ही लय बोटांत बसेपर्यंत पुढचा सराव घेऊ नका. ब्रेकवर भरवसा नसलेला माणूस वळणातही घट्टच राहतो.

दुसरा सराव वर्तुळाचा. नऊ मीटर दोरीने खडूचं वर्तुळ आखा आणि दुसऱ्या गिअरमध्ये त्याच्यावरून फिरा. एक फेरी १५ सेकंदांत झाली तर वेग साधारण १४ आणि झुकाव नऊ अंश. १२ सेकंदांत वेग १७, झुकाव १४ अंश. १० सेकंदांत वेग २० आणि झुकाव २० अंश. नजर नेहमी वर्तुळाच्या पाव भाग पुढे ठेवा. डावीकडून आणि उजवीकडून वेगवेगळी वेळ घ्या. जवळजवळ प्रत्येकाची एक बाजू कच्ची निघते, बऱ्याचदा उजवी, कारण त्या बाजूला मूठ आणि पुढचा ब्रेक एकाच हाताला सांभाळायचे असतात. कच्च्या बाजूला दुप्पट फेऱ्या द्या. १० सेकंदांच्या खाली जाऊ नका. मैदानावरची बारीक धूळ तेवढी पकड देत नाही.

तिसरा, आठ मीटर अंतरावर सहा बाटल्या, २०-२५ च्या वेगात नागमोडी. इथे मुठी दाबून गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला आणायला शिका. चौथा, सात मीटर रुंदीच्या दोन रेघांमध्ये यू-टर्न, दोन्ही बाजूंना. हीच पुढे हेअरपिनची तयारी होते.

मग घाट

पहिला घाट छोटा आणि बऱ्या रस्त्याचा निवडा. पुण्याजवळ जुना कात्रज घाट, साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वरचा घाट, कोल्हापूरहून पन्हाळा. कामाच्या दिवशी सकाळी, ऊन चढल्यावर पण गर्दी होण्याआधी. ट्रकांनी भरलेला कसारा किंवा पावसाळ्यातल्या रविवारची ताम्हिणी शिकण्यासाठी नाही. पाच-सहा वळणांचा एकच तुकडा पकडा आणि तोच वर-खाली करा. प्रत्येक खेपेला एकाच गोष्टीकडे लक्ष द्या: एकदा फक्त नजर, एकदा फक्त ब्रेक कुठे सुटतो ते, एकदा फक्त मूठ. वेग तुम्हाला जमतो त्यापेक्षा एक पायरी खाली. वळणाच्या मधे ब्रेक लावावासा वाटला तर पुढच्या खेपेला वेग आणखी पाचने कमी करा. तासाभरानंतर थांबा, पाणी प्या. थकवा सर्वात आधी नजरेत उतरतो. ती पुढच्या चाकाजवळ येऊन पडते.

पाऊस, ऊस आणि इतर

जूनमधले पहिले पाऊस सगळ्यात फसवे, कारण आठ महिन्यांचं तेल आणि धूळ वर येते. धो धो पावसात रस्ता धुऊन निघाल्यावर पकड उलट बरी मिळते. जुलैनंतर सावलीतल्या वळणांच्या कडांना शेवाळ धरतं, विशेषतः आंबोली, आंबा, ताम्हिणीसारख्या भरपूर पावसाच्या घाटांत. टायर जिथून जातात ते दोन पट्टे काळे आणि स्वच्छ असतात, त्यांवरच राहा. कोकणाच्या बाजूला डोंगरातून वाहून आलेली जांभ्याची लाल माती वळणाच्या आतल्या कडेला पसरते. पांढरे पट्टे आणि रम्बलर (वेग कमी करायला लावणाऱ्या उंच आडव्या पट्ट्या) ओले झाले की निसरडे होतात, त्यांच्यावरून गाडी उभी करून जा.

टाकी काठोकाठ भरलेले ट्रक हेअरपिनवर डिझेल सांडतात. ओल्या रस्त्यावर इंद्रधनुषी तवंग किंवा डिझेलचा वास आला की पुढच्या दोन वळणांत झुकाव अर्धा करा. गाळप हंगामात, दिवाळीच्या सुमारापासून मार्च-एप्रिलपर्यंत, सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर उसाची कांडी आणि पाचट पडलेलं असतं. वाळलेलं पाचट चाकाखाली सरकतं. आणि अंधारात मागचा दिवा नसलेली ट्रॉली वळणापलीकडे उभी असू शकते, ही शक्यता त्या महिन्यांत सतत मनात ठेवा. वरंधा, ताम्हिणीत कठड्यावर माकडं बसलेली दिसली की कुणीतरी खायला टाकतंय. रस्त्यात थांबलेली मोटार पुढच्याच वळणावर असते.

डबलसीट आणि ग्रुप

मागे कुणी बसणार असेल तर मागच्या टायरची हवा डबलसीटच्या आकड्यावर आणा. शॉकअपच्या खाचा बदलता येत असतील तर एक-दोन खाचा कडक करा, नाहीतर मागून बसलेली गाडी वळणात बाहेर जाऊ पाहते आणि स्टँड लवकर टेकतो. मागच्याला निघण्याआधी सांगा: वळणात माझ्या आतल्या खांद्यावरून पुढे बघ, गाडीबरोबर झुक, उलट्या बाजूला जाऊ नकोस, ब्रेकच्या वेळी टाकीला हात टेकव. ब्रेकचं अंतर वाढतं, तेव्हा तीन सेकंदांचे चार धरा. पिशव्या सीटच्या मागे उंच बांधण्यापेक्षा दोन्ही बाजूंना खाली आणि सारख्या वजनाच्या.

ग्रुपमध्ये सर्वात नवखा दुसऱ्या नंबरवर ठेवा, पहिल्याने आरशात बघून त्याच्या वेगाने जायचं. घाटात प्रत्येकाने पुढच्यापासून तीन सेकंद अंतर ठेवावं आणि पुढच्याच्या मागच्या दिव्याकडे न बघता स्वतःचं वळण स्वतः वाचावं. पुढचा चुकीच्या वेगात शिरला तर त्याच्याकडे बघणारा मागचाही त्याच्यामागोमाग तिकडेच जातो. घाटमाथा, पायथा आणि मधला एखादा चहाचा टप्पा अशी थांबण्याची ठिकाणं निघण्याआधीच ठरवा, म्हणजे मागे पडलेल्याला गाठायची घाई होत नाही.